साडेतीनशेची पुडी

मायला आधी तोंड आलं. भाकर दुधात कुस्करून दिली तरी घास गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. चार महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर काढले. मग पाठीवर आणि काखेत फोड उठले, लुगड्याचा पदर घासला तरी फुटणारे. परभणीच्या चामडीच्या डॉक्टरांनी फोडाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. पेम्फिगस निघाला. यात आपलीच प्रतिकारशक्ती कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर उलटते. हा आजार शिवल्यानं होत नाही, पण भावकीनं आमच्याकडचा चहा बंद केलाच. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि पंधरा दिवसांत नवे फोड कमी आले.

तेवढ्यात कोणीतरी आठवडी बाजारात बसणाऱ्या एका 'वैद्या'चं नाव सांगितलं. त्यानं पदर बाजूला करून पाहिलंसुद्धा नाही. "नागीण आहे. विळखा पुरा व्हायच्या आत आलात, नशीब तुमचं. स्टेरॉइड हाडं खातं, आजच बंद करा." नागीण हा विषाणूचा, अगदी वेगळा आजार. ती बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि विळख्यानं माणूस मरतो ही नुसती भीती, हे मला फार उशिरा कळलं. वर्तमानपत्राच्या कागदातली पांढरी, कडू पुडी. रोज एक, साडेतीनशेला. नाव नाही, पावती नाही. दोन महिन्यांत सोयाबीनच्या पट्टीतले 21,000 गेले.

आणि फरक पडला! फोड सुकले, मायला भूक लागली, चेहरा गोल झाला. बाया म्हणायच्या, तब्येत सुधारली. मी स्वतः तिघांना त्याचा नंबर दिला, ते अजून खातं मनाला.

मग त्यानं 'शेवटच्या कोर्स'चे 50,000 मागितले. तूर येऊ द्या म्हणालो, तर फोनच बंद. पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी माय न्हाणीत चक्कर येऊन पडली, उलट्या झाल्या, बीपी खाली गेला. पाठ अख्खी सोललेली.

संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चेहरा आणि वाढलेली साखर बघून पहिलं विचारलं, "कोणती पावडर खात होत्या?" पुडी एकही उरली नव्हती, त्यामुळं तपासता आली नाही. पण त्यांचा संशय सरळ होता : आत स्टेरॉइडच, मापाबाहेरचं. बाहेरून फार मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून ते डोस उतरवत उतरवतच थांबवावं लागतं. आम्ही दोनदा एकदम तोडलं होतं.

पाठ चादरीला चिकटू नये म्हणून सिस्टरांनी केळीचं पान अंथरायला सांगितलं. रोज सकाळी मी भाजीबाजारातून ताजं पान आणून, धुऊन द्यायचो. जखमेत जंतू शिरणं हीच तिथली मोठी धास्ती.

आता गोळी मोजून चालू आहे, साखर तपासतो, हाडांसाठी कॅल्शियम देतो. परवा मायनं गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली.

"मग त्यानं हेच कुटून दिलं होतं का रे?"

मी पट्टीवरची किंमत तिला वाचून दाखवली नाही.