कसबा दु तुबकाल, इमलिल: डोंगर ज्यांचा, पाहुणचारही त्यांचाच

मोरोक्कोहून आलेले मुंबईकर बहुतेक माराकेशचे बाजार आणि सहारातले उंट सांगतात. मला अ‍ॅटलास पर्वतातल्या इमलिल गावाबद्दल आणि गावाच्या डोक्यावरच्या ‘कसबा दु तुबकाल’ या हॉटेलबद्दल लिहायचंय. आयुष्यभर सह्याद्रीत भटकताना डोंगरातलं हॉटेल कसं असावं असं वाटायचं, ते मला तिथे भेटलं.

इमलिल माराकेशपासून साधारण ६५ किलोमीटरवर, १,७४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे तिथली किराणा दुकानंसुद्धा कळसूबाईच्या वर. गाडी गावात थांबते. पुढे अक्रोडाच्या झाडांखालून साधारण पाव तासाची चढण, सामान खेचरावर. आमच्या मुलुंडच्या ट्रॅव्हल एजंटने मात्र “गाडी थेट दारात जाते” असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई! खेचरवाल्याने त्यांना बसवलं, एक हात लगामाला, दुसरा त्यांच्या पाठीशी, असं अगदी सावकाश वर नेलं. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची तशलहित येत नव्हती, पण सासूबाई वर पोचल्या त्या हसतच. घरात वयस्कर माणूस असेल तर खेचराचं आधीच कळवून ठेवा.

दारात खजूर आणि दूध देऊन स्वागत होतं. ही वास्तू मूळची तिथल्या सरदाराची, म्हणजे काइदची, उन्हाळ्यातली गढी. पुढे ती पडीक झाली. १९८९ साली ब्रिटनच्या दोन भावांनी ती घेतली आणि गावकऱ्यांनीच दगड, माती, लाकूड वापरून पुन्हा उभी केली. भिंती जाड, छताला लाकडी तुळया. हमाममध्ये गरम वाफ, काळा साबण आणि अंग घासायचा खरखरीत हातमोजा. प्रवासाचा शीण पार उतरतो.

पण मी या हॉटेलच्या प्रेमात पडले ती बिल बघून. बिलावर पाच टक्के वेगळे लावतात आणि ते जातात गावाच्या संस्थेकडे. त्यातून रुग्णवाहिका चालते, कचरा उचलला जातो, गावासाठी सार्वजनिक हमाम बांधला गेलाय. चहा देणारा, स्वयंपाक करणारी, वाट दाखवणारा, सगळे त्याच खोऱ्यातले. लोणावळा, कामशेत, मुळशीकडच्या किती रिसॉर्टमध्ये ज्यांची जमीन होती त्यांना मी फाटकावर वॉचमन म्हणून उभं पाहिलंय. दरवेळी आत जाताना मला त्यांच्या नजरेला नजर देता आलेली नाही. इथे गच्चीवर चहा ओतणारा मुलगा समोरच्या उतारावरचं घर दाखवून सांगतो, ते माझं.

याच हॉटेलच्या मंडळींच्या पुढाकारातून ‘एज्युकेशन फॉर ऑल’ ही संस्था निघाली. वरच्या वाड्यांमधल्या मुलींना प्राथमिकनंतर शाळाच जवळ नव्हती, म्हणून शाळेच्या गावी त्यांच्यासाठी वसतिगृहं काढली. पहिलं २००७ मध्ये, अस्नीला. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली डोळ्यांसमोर आल्याच.

८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने हा सगळा टापू हादरवला. तीव्रता ६.८, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. अशा वेळी पर्यटक पाठ फिरवतात आणि रोजगार दुसऱ्यांदा बुडतो. तिथे जाऊन राहणं हीसुद्धा मदतच आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता जेवण. शाकाहारी असाल तर फक्त “मांस नको” म्हणून भागत नाही, “मटणाचं पाणीही नको” हे स्पष्ट सांगा, कारण हरिरा सूपमध्ये आणि भाज्यांच्या ताजिनमध्येही (मातीच्या भांड्यात शिजवलेल्या भाजीतही) ते असू शकतं. आम्ही आधी कळवलं होतं. सासूबाईंसाठी शंकूच्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात बटाटा, गाजर, ऑलिव्ह आणि खारवलेलं लिंबू घातलेली भाजी आली. मंद आचेवर शिजलेली, तिखट अजिबात नाही, तरी त्यांनी बरोबर आणलेली लसणीची चटणी पिशवीतून काढली नाही. न्याहारीला मसेमेन, आपल्या घडीच्या पोळीसारखी पण चौकोनी, आणि बरोबर अम्लू: बदाम, अर्गन तेल आणि मध वाटून केलेलं. मी त्यावर जगू शकेन. पुदिन्याचा चहा फार गोड असतो. साखर कमी हवी असेल तर किटलीत पडायच्या आत सांगावं लागतं. दारू हॉटेल विकत नाही. ज्यांना हवी ते आपली घेऊन येतात.

गच्चीवरून समोर तुबकाल, ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सर्वात उंच शिखर. शिखरावर जायला अधिकृत गाइड सक्तीचा आहे. तेवढं झेपत नसेल तर अरूम्द गावातून सिदी शमहारूशच्या दर्ग्यापर्यंतची वाट धरा. आम्ही दोघं गेलो, सासूबाई गच्चीवर राहिल्या. वाटेत पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांना पाणी देणारे पाट, थेट कोकणातल्या बागांची आठवण करून देणारे.

स्वस्त नाही, हे खरं. पण ट्रेकर मंडळींसाठी एकत्र झोपायची खोलीही आहे, तेव्हा आधी विचारा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. हिवाळ्यात वर बर्फ असतो आणि रात्री मुंबईकराला सोसवत नाहीत. दिरहॅम माराकेशमध्येच काढून सुटे करून घ्या. खेचरवाल्याची बक्षिशी रोखच द्यावी लागते, आणि ती हात आखडून देऊ नका.