फ्रेंच वाईनचा ऑनलाईन कोर्स, एका संत्रावाल्याचा रिव्ह्यू

आमचा जिल्हा वर्धा, म्हणजे दारूबंदी, तरी पैसे भरून फ्रेंच वाईनचा कोर्स घेतला, घरचे लय हसले बाप्पा. पण वेलीचा धडा एक नंबर, १८६० नंतर फायलोक्सेरा किडीनं तिथल्या वेलींच्या मुळ्या खाल्ल्या तं अमेरिकन खुंटावर कलमं बांधून बागा वाचवल्या, आपण संत्रा जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतो तसंच न भाऊ! रेड वाईनचा रंग सालीतून येते, रसातून नाही, हे पण नवीनच. बाटलीवर द्राक्षाची जात कमी, इलाख्याचं नाव जास्त, बरगंडीची रेड म्हणजे पिनो न्वार हे आपणच समजून घ्यायचं. बोर्दो इलाख्याची १८५५ ची वाईनच्या दर्जाची यादी मात्र नुसती वाचून दाखवली, झोप आली. हिंदी सबटायटल गचाळ. चार स्टार. चव घ्यायचा धडा राहिलाच, नागपूरले गेलो की पाहू.