जीसॅक आठ महिने वापरल्यावर: शेळ्यावाल्या आजी आणि नसलेला डबा

जिओकॅशिंग म्हणजे लोकांनी लपवलेले डबे (कॅश) जीपीएसने शोधायचा खेळ. त्या डब्यांची आपली यादी आपल्या लॅपटॉपवर असावी म्हणून जीसॅक हे सॉफ्टवेअर टाकलं. पूर्वी त्याचे पैसे पडायचे, आता फुकट आहे. विंडोजवर चालतं, दिसायला जुनाट, पण कामाला चोख. घोळ घातला तो मीच.

नाशिक मध्यावर धरून दर शुक्रवारी एक पॉकेट क्वेरी, म्हणजे जिओकॅशिंगच्या साइटकडून फाइलमध्ये येणारी कॅशची यादी, लावली होती. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० कॅश येतात, माझं तेवढ्यात भागतं. फाइल आली की जीसॅकमध्ये ओढायची, झालं अपडेट, अशी माझी समजूत.

जानेवारीत एका रविवारी भाच्याला घेऊन रामशेजच्या पायथ्याशी, आशेवाडीच्या बाजूला एक कॅश शोधायला गेलो. दीड तास दगड उचलतोय. शेळ्या चारणाऱ्या आजींनी विचारलं, "काय हरवलं रं?" आता काय सांगणार! घरी येऊन साइटवर तिचं पान उघडलं तर कॅश नोव्हेंबरातच आर्काइव्ह, म्हणजे कायमची बंद, झालेली. माझ्या यादीत मात्र ठणठणीत.

कारण साधं आहे. पॉकेट क्वेरीत आर्काइव्ह झालेल्या कॅश येतच नाहीत. तात्पुरती बंद असलेली येऊ शकते, कायमची गेलेली नुसती यायची थांबते. रेशनकार्डावर वारलेल्या आजोबांचं नाव राहतं ना, तसं. कोणी कळवल्याशिवाय कमी कसं होणार?

आता फाइल भरली की 'लास्ट जीपीएक्स' (कॅश शेवटची कुठल्या तारखेच्या फाइलमध्ये आली) हा रकाना तारखेने लावतो. सगळीकडे कालची तारीख आणि वर सात-आठ ओळींवर तीन आठवड्यांपूर्वीची, की ओळखायचं. तेवढ्याच निवडून त्यांचा स्टेटस, चालू की बंद, चेक करतो. गेलेल्या पुसत नाही, दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवतो. मला सापडलेल्याही त्या क्वेरीतून मी वगळल्यात, त्यांच्या तारखाही जुन्याच दिसतात. त्यांच्यासाठी 'माय फाइंड्स' ही वेगळी क्वेरी आहे, तिच्यात आर्काइव्ह झालेल्याही येतात.

सगळ्यात आवडलं ते लॉगचं, म्हणजे शोधायला गेलेल्यांच्या नोंदींचं. क्वेरीतून प्रत्येक कॅशचे शेवटचे ५ लॉग येतात, पण जीसॅक आधीचेही जपून ठेवतं. महिन्यांमागून महिने साठत जातात. ओळीने चार 'सापडली नाही' दिसले की मी पेट्रोल जाळत नाही.

काही कॅशची खरी जागा कोडं सोडवूनच कळते; तसे दुरुस्त केलेले कोऑर्डिनेट्सही पुढच्या फाइलने पुसले जात नाहीत. माझे चुकीचेसुद्धा इमानाने जपले! अक्षांशाच्या मिनिटांत ०२.४१५ च्या जागी ०२.१४५ टाइप झालं आणि मखमलाबादकडे कोणाच्या तरी द्राक्षबागेच्या कुंपणाशी उभा राहिलो, अर्धा किलोमीटर दक्षिणेला. तेव्हापासून आकडे मोठ्याने वाचून टाकतो.

एक कटकट उरलीच आहे. फोनवर पाठवलेली यादी पाठवली त्या दिवसाचीच राहते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी, चहा उकळेपर्यंत, पुन्हा एकदा लॅपटॉप उघडावा लागतो.