ट्रायल डिझाइनची (उपचारांच्या चाचण्या कशा आखायच्या याची) एक दिवसाची कार्यशाळा: १५०० रुपये वसूल, पण…

होटगी रोडवरचा हॉल, एप्रिल महिना आणि एसी बंद! दहाचं पावणेअकराला सुरू झालं. पण सरांनी १९८५ चा मिशिगनचा नवजात बाळांवरचा एक्मो (शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्ताला ऑक्सिजन देणं) ट्रायल चक्क स्टीलच्या डब्यातून दाखवला. डब्यात एक शेंगदाणा, एक फुटाणा. शेंगदाणा म्हणजे एक्मो, फुटाणा म्हणजे नेहमीचा उपचार. डोळे मिटून एक काढायचा, तो उपचार पुढच्या बाळाला, दाणा परत टाकायचा. बाळ वाचलं की त्याच उपचाराचा दाणा वाढवायचा. (हाताला फरक कळतो, असो.) १२ पैकी ११ बाळं एक्मोकडे गेली, सगळी वाचली, नेहमीच्या उपचाराला एकच, ते दगावलं. एकावरून निष्कर्ष काढायचा? यावर तासभर भांडलो.

मी आलो होतो बेझियन प्रायर (चाचणीआधीची माहिती गणितात कशी धरायची ते) शिकायला. तो जेवणानंतर वीस मिनिटांत गुंडाळला. कडक भाकरी, शेंगाचटणी मात्र झकास.