लपणारं भारी की मिरवणारं? इंदूरची दोन फुलपाखरं

थंडीत इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात गेलात तर वाळक्या पानांत कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू शोधून दाखवा, पायाजवळून उडेपर्यंत दिसतच नाही, आणि गंमत म्हणजे पावसाळ्यात ह्याच जातीच्या पंखांवर खालून डोळ्यांसारखे गोल गोल ठिपके असतात, कोरड्या सीझनमध्ये ते जवळजवळ गायब, अळी वाढताना हवामान कसं होतं त्यावर हे ठरतं.

प्लेन टायगरचं एकदम उलट. भगवा रंग, काळी किनार, संथ उडणं, बिनधास्त! अळी रुईची पानं खाते, त्यातलं विष अंगात उतरतं, मग पक्ष्याने एकदा चाखलं की तो परत नाव काढत नाही. डॅनाइड एगफ्लाय ह्या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर विष नसताना नुसती ह्याची कॉपी मारून वाचते, चीटिंगच आहे सरळ.

माझं मत इव्हनिंग ब्राऊनला, सीझनप्रमाणे पंखांचं डिझाईन बदलणं म्हणजे खायचं काम नाही राव.