चार्जरचा आवाज घालवून देतो म्हणाला आणि ४१,७०० रुपये घेऊन गेला

आधी रक्कम सांगते. पाहणीचे १,५००. ‘हार्मोनिक रिपोर्ट’चे ४,८००. भिंतीवर लावलेल्या डब्याचे २८,५००. वर ‘इंडस्ट्रियल’ आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, ६,९००. एकूण ४१,७०० रुपये. एवढं घेऊन त्या माणसाने आवाज, म्हणजे गाडीच्या चार्जिंगमुळे घरातल्या विजेत येणारा गोंगाट, कमी केला नाहीच, उलट शॉक लागला तर जीव वाचवणारं संरक्षण काढून नेलं. पैसे गेल्याचा राग एकवेळ गिळता येईल, हा नाही येत. म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे विजेच्या गाडीचा ३२ ॲम्पिअरचा, म्हणजे ७.४ किलोवॉटचा चार्जर आहे. गाडी चार्जिंगला लावली की सासऱ्यांच्या रेडिओवर मीडियम वेव्हचं एकही स्टेशन धड लागत नसे, नुसती घरघर. वरच्या खोलीतलं इंटरनेट तुटायचं. तिथे भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे, घरातल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टर आहेत. आणि जिन्यातले एलईडी दिवे लुकलुकायचे. चार्जिंग बंद केलं की सगळं जागच्या जागी. तेव्हा दोष चार्जरकडून येतोय हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता.

चार्जरवाल्या कंपनीने सांगितलं, आमचा माल प्रमाणित आहे, गाडीवाल्यांना विचारा. गाडीवाल्यांनी कॉम्प्युटर लावून पाहिला, एरर कोड नाही, म्हणून गाडी परत दिली. वीज कंपनीचा माणूस मीटरपाशी व्होल्टेज मोजून गेला: मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. या तिघांतल्या एकाने जरी अर्धा तास खर्च केला असता, तर त्या चौथ्याला माझ्या दारात यायला वावच नव्हता.

वीज बचतीचे डबे विकणारे सगळ्यांना माहीत आहेत. हा त्यांच्यातलाच, फक्त भाषा नवी. ‘ईव्ही चार्जर नॉइज सोल्यूशन’ अशी जाहिरात होती. आणि लोक म्हणतात तसा हा काही अडाणी बडबड करणारा नव्हता. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं की भिंतीवरचा एसी चार्जर म्हणजे मुख्यतः एक मोठा कॉन्टॅक्टर (पुरवठा आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) आणि गाडीशी बोलणारं सर्किट; एसीचं डीसी करण्याचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि खरा आवाज त्याच्या स्विचिंगचा, म्हणजे वीज झपाट्याने तोडण्या-जोडण्याचा असतो. मी नंतर ते तपासलं. ते अक्षरशः खरं आहे. ज्याच्या पहिल्या चार गोष्टी खऱ्या निघतात, त्याच्या पाचव्या गोष्टीवर माणूस विश्वास ठेवतो. तुम्हीही ठेवला असता.

पाचवी गोष्ट रिपोर्टची. त्याने हॉलमधल्या टीव्हीच्या सॉकेटला एक मीटर लावला, काही आकडे टिपले आणि रंगीत आलेखांचा कागद दिला. त्यावर मोठ्या अक्षरांत हार्मोनिक्स. आता मला कळतं की तो कागद आमच्या तक्रारीशी संबंधितच नव्हता. हार्मोनिक्स म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरी, चाळिसावी धरली तरी २,००० हर्ट्झ. रेडिओचा मीडियम वेव्ह पट्टा साधारण ५३० किलोहर्ट्झपासून पुढे सुरू होतो. पॉवरलाइन ॲडॅप्टर तर त्याहून वर, २ मेगाहर्ट्झच्या पुढे बोलतात. २ किलोहर्ट्झपर्यंतचं मोजून मेगाहर्ट्झच्या दुखण्यावर औषध देणारा एक तर काहीच जाणत नाही किंवा सगळं जाणून करतो. हा दुसऱ्या प्रकारातला होता. कुणी ‘हार्मोनिक’ आणि ‘रेडिओचा आवाज’ एकाच दमात म्हणायला लागला की त्याला थेट विचारा: कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजलंत, आणि त्या वेळी गाडी किती ॲम्पिअर घेत होती? माझ्या कागदावर या दोन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

मग डबा आला. चार्जरच्या छोट्या डीबीशेजारी, म्हणजे स्विच आणि जोड असलेल्या पेटीशेजारी लावला. रेडिओ चालू ठेवला, गाडी चार्जिंगला लावली, घरघर सुरू झाली. त्याचा मदतनीस गाडीपाशी उभा होता. ‘ताई, किल्ली त्याच्याकडे राहू द्या, मध्येच चार्जिंग बंद-चालू करून बघावं लागतं,’ असं म्हणून किल्ली घेतली होती. डब्याचा स्विच टाकताना तो म्हणाला, ‘ताई, आता फक्त रेडिओकडे लक्ष द्या.’ आणि त्याच क्षणी चार्जरमधून ‘खट’ असा आवाज आला. लगेच रेडिओ स्वच्छ. सासऱ्यांनी हात जोडले.

ती खट मला आजही ऐकू येते. तो कॉन्टॅक्टर सुटल्याचा आवाज होता. चार्जिंग थांबलं की चार्जर गाडीचा पुरवठा तोडतो, तेव्हा तो होतोच. गाडी काढताना रोज ऐकलेला. मदतनिसाने किल्लीचं अनलॉक दाबलं, गाडीने चार्जिंग थांबवलं, आवाज करणारं यंत्रच बंद पडलं, आणि श्रेय डब्याला. गाडीच्या पोर्टजवळचा दिवा उघडझाप करायचा थांबला असणार, पण मला उभं केलं होतं रेडिओच्या बाजूला, गाडीकडे पाठ करून. हे सगळं ठरवून केलेलं होतं. डब्याचा स्विच टाकल्यावर खट वाजली तर ती डब्याचीच असणार, असं समोरच्याला वाटावं हाच तर बेत. चार्जरच्या ॲपमधल्या नोंदीत त्या वेळेला स्पष्ट लिहिलं आहे: सत्र थांबले, वाहनाकडून. ती नोंद नंतर पाहायचं सुचलं. त्याच्या समोर मोबाइल हातात घेऊन ॲप कोण उघडून बसतं?

तेव्हा हे पक्कं ठेवा: कुणीही प्रात्यक्षिक दाखवत असेल तर गाडीची किल्ली आपल्या हातात आणि ॲपवर ॲम्पिअरचा आकडा डोळ्यांसमोर. ३२ दिसत असताना आवाज गेला तरच गेला. आकडा ६ वर आणला असेल तरीही ते प्रात्यक्षिक नाही.

पैसे क्यूआर कोडवर घेतले. पैसे जाताना नाव कंपनीचं नाही, कुणा बाईचं आलं. विचारलं तर ‘अकाउंट्स बघतात त्या’. पावती कच्ची. आता प्रत्येक जण मला हेच ऐकवतो, की नाव बघायला हवं होतं. नाव बघितलं होतं, विचारलंही होतं, आणि उत्तर मिळालं होतं. घरगुती धंद्यात घरचीच माणसं हिशेब सांभाळतात, यात कुणाला काय वावगं वाटणार?

संध्याकाळी गाडी लावली, घरघर होतीच. त्यावर उत्तर तयार होतं: डबा ‘सेटल’ व्हायला वेळ लागतो. आणि मग आरसीसीबी पडायला, म्हणजे आपोआप बंद व्हायला लागली. गाडी लावली की थोड्या वेळात पटकन खाली. त्याला बोलावलं, तर म्हणाला तुमची ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी घरगुती आहे, फार नाजूक, चार्जरला इंडस्ट्रियल लागते. ६,९०० घेतले आणि बदलून गेला. नवी पडत नव्हती, म्हणून आम्हाला वाटलं निदान एवढं तरी जमलं.

नवी का पडत नव्हती ते ऐका. ती १०० मिलिॲम्पिअरची होती. माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली तर वेळेत तोडण्यासाठी ३० ची लागते. १०० किंवा ३०० ची असते ती आग वगैरेच्या बचावासाठी, माणसासाठी नाही. आणि आधीची पडत होती ती त्याच्याच डब्यामुळे. पुढे डबा उघडला तेव्हा आत काय निघालं? फेज आणि न्यूट्रलमध्ये एक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा छोटा भाग), फेज आणि अर्थमध्ये एक, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक, दोन एलईडी, आणि उरलेला डबा जड लागावा म्हणून ओतलेलं काळं रेझिन. फेज-अर्थमधला कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरडचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून अर्थकडे सतत साधारण १६ मिलिॲम्पिअर गळतात. ३० ची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते, तशी तिला मुभाच असते. त्यात चार्जर आणि गाडीच्या फिल्टरची स्वतःची थोडी गळती. पडणारच! आरसीसीबी बरोबर काम करत होती आणि या माणसाने तिलाच घराबाहेर काढलं. त्या कपॅसिटरवर ‘वाय’ वर्गाची खूणही नव्हती. फेज आणि अर्थमध्ये बसवायचा कपॅसिटर त्याच वर्गाचा लागतो, कारण साधा शॉर्ट झाला तर फेज थेट अर्थच्या तारेवर येते. घरात लहान मूल आहे. ते गाडीला हात लावतं.

आणखी एक खूण, जी नुसत्या नजरेला दिसते. चार्जरला ६ चौरस मिलिमीटरची केबल आली आहे. डब्याला जोडलेल्या तारा सुतळीएवढ्या. आवाज खरोखर अडवणारा लाइन फिल्टर वाटेतच बसतो, चार्जरचा सगळा ३२ ॲम्पिअर त्याच्यातून जातो, म्हणून त्याला जाड टर्मिनल असतात आणि वर ॲम्पिअर छापलेला असतो. बाजूला टांगून ठेवलेला डबा ३२ ॲम्पिअरच्या लाइनचा फिल्टर असू शकत नाही. यापुढे कुणी दाखवलाच तर तार बघा, बाकी काही ऐकू नका.

खरं दुखणं एका साध्या इलेक्ट्रिशियनने शोधलं, ओळखीतून आलेल्या. त्याने काही विकलं नाही, फक्त एकेक गोष्ट बंद करत गेला. आधी चार्जरचा एमसीबी, म्हणजे डीबीतला त्याचा स्विच बंद. मग चार्जर चालू पण गाडी जोडलेली नाही. मग गाडी जोडलेली पण चार्जिंग थांबवलेलं. मग प्रत्यक्ष चार्जिंग. दर वेळी रेडिओ, एकदा ॲडॅप्टरवर आणि एकदा सेलवर. सेलवर घरघर बरीच कमी झाली, म्हणजे ती हवेतून कमी आणि तारेतून जास्त येत होती. दिव्यांचा तर रेडिओशी संबंधच नव्हता: डीबीत न्यूट्रलच्या पट्टीवरचा स्क्रू ढिला होता, तारेचं प्लास्टिक पिवळं पडून कडक झालेलं. ३२ ॲम्पिअर ओढला की तिथे व्होल्टेज पडायचं आणि जिन्यातले दिवे लुकलुकायचे. म्हणजे महागडा डबा भिंतीवर, आणि त्याच्या हातभर अंतरावर जळायला टेकलेला जोड. त्या फसव्याने ती डीबी उघडून पाहिली होती! त्याला तो पिवळा जोड दिसला नसेल यावर माझा विश्वास नाही. तीन तक्रारी, कारणं वेगवेगळी, आणि तिन्हींवर एकच डबा सांगणारा माणूस दिसला की दार लावून घ्या.

जळकी तार कापून नवी लग लावली, स्क्रू आवळले, ३० ची आरसीसीबी परत बसवली. आरसीसीबीचा कुठला प्रकार लागतो ते चार्जर बनवणाऱ्याने माहितीपुस्तकात दिलेलं असतं, तेही त्याने वाचून पाहिलं. वरच्या खोलीला पॉवरलाइन ॲडॅप्टर काढून सरळ लॅन केबल नेली, चार्जरच्या केबलपासून दूर. रेडिओच्या ॲडॅप्टरच्या तारेला ३१ नंबर मिश्रणाचा फेराइट कोअर (तारेतला गोंगाट अडवणारं कडं) लावला आणि तार त्यातून अनेकदा फिरवून घेतली. नुसता एकदा ओवून फारसा उपयोग होत नाही, वेढे वाढवले की परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मजुरी १,२००, सामान ९४०. दूरची स्टेशनं अजूनही थोडी खरखरतात, पण बातम्या नीट ऐकू येतात.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: ‘मॅडम, वस्तू मिळाली ना? पैसे तुम्हीच दिले ना?’ मग हा दिवाणी मामला. मी आरसीसीबीचं सांगितलं, ३० काढून १०० बसवली, हा जिवाशी खेळ आहे. लिहून घेणाऱ्याने विचारलं, कुणाला शॉक लागला का? नाही. मग काय लिहू? सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले माणूस घरी आला होता, म्हणजे हे ऑनलाइन नाही. ग्राहक तक्रारीसाठी पक्कं बिल आणि विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता मिळाला असता तर मीच जाऊन उभी राहिले असते. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्या संमतीने झाला. विद्युत सुरक्षेच्या कार्यालयात तर अर्जच घेईनात, कारण अपघात झालेला नाही. रेडिओ लहरींवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे लिहिलं, पोचसुद्धा आली नाही. प्रत्येक टेबलावर मी तो डबा, कपॅसिटरचे फोटो आणि ॲपमधली नोंद नेली. कुणी हातात घेऊन पाहिली नाही. त्या नोंदीत वेळ आहे, रेडिओ स्वच्छ झाला त्याच मिनिटाची. याहून चांगला पुरावा सामान्य माणसाने कुठून आणायचा? माणूस मेल्याशिवाय जे खातं अर्ज घेत नाही, ते कुणाच्या सुरक्षेसाठी आहे? जाहिरात आजही चालू आहे, फोन नंबर फक्त बदलला.

तक्रार मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. ज्यांच्याकडे असा डबा बसला असेल त्यांनी तो फेकू नका, पुरावा आहे. पण मेन बंद करून, जाणत्या माणसाकडून आजच सोडवा. आणि डीबीत जाऊन आरसीसीबीवर छापलेला आकडा वाचा. ०.०३ ए किंवा ३० एमए लिहिलेलं हवं. नुसतं टेस्टचं बटण दाबून समाधान मानू नका, १०० वालीही त्या बटणाने खाली पडते.