विसरभोळा वेग: मेल पाठवण्याच्या सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानाचे 9,400 मेल ताशी 700 या वेगाने जायचे होते. ते सगळे चाळीस मिनिटांत गेले. गेले म्हणजे आमच्याकडून निघाले. जीमेलकडच्या बऱ्याच मेलना ‘421’ने सुरू होणारे, म्हणजे तूर्त नकाराचे, उत्तर मिळाले, ते रांगेत अडकले, आणि काही ग्राहकांना दसऱ्याची सवलत दसरा चौकात सोने लुटून घरी परतल्यावर समजली. दोन जणांनी फोन करून विचारले, सवलत संपल्यावर कळवण्याची ही कोणती पद्धत? त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून सवलतच दिली.

कारण एवढेच, की या सेवेत नवी मोहीम तयार करताना वेगाची, म्हणजे ताशी किती मेल जावेत हे ठरवण्याची, चौकट दर वेळी निमूटपणे ‘कमाल’वर परत जाते. जुन्या मोहिमेची प्रत काढली तर विषयाची ओळ, यादी, कूपन, खालचा पत्ता असे सारे काही जसेच्या तसे येते. फक्त वेग येत नाही. ज्या एका सोयीसाठी मी फेब्रुवारीपासून महिन्याला 1,900 रुपये मोजतो आहे, नेमकी तीच सोय या सेवेला लक्षात राहू नये, याची चीड मला अजून आवरता आलेली नाही.

आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान जुने आहे, पण आता निम्म्याहून अधिक मागणी संकेतस्थळावरून, पुण्या-मुंबईहून आणि थोडी परदेशातून येते. पूर्वी आम्ही सगळे मेल एका दमात सोडत असू. समोरच्या सर्व्हरला अनोळखी पत्त्यावरून अचानक लोंढा आलेला दिसला, की तो आधी संशय घेतो. चारने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’ आणि पाचने सुरू होणारे म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’, हा फरकही मला ही सेवा घेतल्यावरच कळला. पहिल्या महिन्यात मी सल्ल्याप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत खरेदी केलेल्या ग्राहकांपासून आरंभ केला, पहिल्या दिवशी 200 मेल पाठवले, मग दर दोन-तीन दिवसांनी आकडा वाढवत नेला. स्पॅमच्या खणात जाणारे मेल कमी झाले, संकेतस्थळावर येणारे ग्राहक वाढले, आणि एप्रिलमध्ये मी ओळखीच्या तीन दुकानदारांना ‘वेग कमी करा, बाकी काही करू नका’ असे छातीठोकपणे सांगून मोकळा झालो.

ते विधान आता मागे घेतो. जूनमध्ये बाउन्स झालेल्या, म्हणजे न पोहोचता परत आलेल्या, मेलची यादी उघडून बसलो तेव्हा लक्षात आले, की आमच्या तेव्हाच्या 14,000 पत्त्यांत जुन्या बिलबुकांवरून भाच्याने उतरवून घेतलेले हजारो पत्ते होते. कुठे ‘जीमेल’चे स्पेलिंग चुकलेले, कुठे खातेच बंद. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर मेल सावकाश पाठवला म्हणून तो पोहोचत नाही. तो फक्त सावकाश परत येतो. असे पत्ते आणि वर्षभरात एकदाही दुव्यावर न गेलेले ग्राहक मिळून 4,600 नावे काढली. मेल उघडल्याच्या आकड्यावर मी विसंबलो नाही, कारण ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून ग्राहकाने न वाचलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. वेग तोच ठेवून पुढची मोहीम पाठवली आणि निकाल आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा चांगला आला. म्हणजे एप्रिलमध्ये वेगाला दिलेल्या श्रेयातील निम्मे तरी यादीच्या सफाईचे आहे.

दुसरा गैरसमज जीमेलच्या नियमांविषयीचा होता. दिवसाला 5,000 किंवा त्याहून अधिक मेल जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर पाठवणाऱ्यांसाठी फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे याची सूचना) हे तिन्ही आवश्यक आहेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांपर्यंत जाता कामा नये, 0.1 टक्क्याच्या आत असलेले बरे. मला वाटले होते, की सावकाश पाठवले तर या नियमांतून सुटका होईल. मात्र हा हिशेब तासाचा नसून चोवीस तासांचा आहे, उपडोमेनवरून गेलेले मेलही मुख्य डोमेनच्या (संकेतस्थळाच्या मूळ नावाच्या) खात्यावर जमा होतात, आणि एकदा का हा आकडा ओलांडला की पाठवणारा कायमचा त्या वर्गात जातो. आमच्या मेलवरची डीकेआयएमची सही तर सेवेच्याच डोमेनची होती. ती आमच्या डोमेनची करून घ्यायला एक दुपार गेली आणि एक पैसाही लागला नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्वतंत्र आयपी (फक्त आमचेच मेल जातील असा सर्व्हरचा पत्ता) घ्या, म्हणजे सगळे प्रश्न मिटतील, असे सेवेचे प्रतिनिधी मला चार वेळा म्हणाले. मी केवळ कंजूषपणाने नाही म्हटले. पुढे समजले, की महिन्यातून दोनदा मेल पाठवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या स्वतंत्र आयपीची पत नीट तयारच होत नाही, कारण तिच्यासाठी सातत्याने पुरेसे मेल जावे लागतात. कंजूषपणा असा क्वचितच फळाला येतो. ग्राहकाच्या डोमेननुसार वेगळा वेग ठेवण्याची सोयही वरच्या योजनेतच आहे. मी यादीचेच जीमेल, याहू आणि उरलेले असे तीन भाग केले आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी पाठवतो.

न्यायाने बोलायचे तर पुन्हा प्रयत्न करण्याचे काम ही सेवा उत्तम करते. ‘नंतर या’ असे उत्तर आले तर अर्धा तास थांबते, मग अंतर वाढवत जाते, आणि चार दिवसांनीच नाद सोडते. दसऱ्याचे अडकलेले मेलही अखेर पोहोचले. उशिरा, पण हरवला एकही नाही.

वेगाच्या चौकटीबद्दल मी तीन तक्रारी नोंदवल्या. पहिलीला उत्तर आले, की रचना मुळातच तशी आहे. दुसरीला आले, की पाठवण्यापूर्वी तपासून घेणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडतात, त्यासाठी कोणाला आठवण ठेवावी लागत नाही, असे मी तिसऱ्या तक्रारीत लिहिले. त्यावर ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असे उत्तर मिळाले, आणि सोबत स्वतंत्र आयपीचे दरपत्रक जोडलेले होते.

फेब्रुवारीत वर्ष पूर्ण होते. वार्षिक योजनेत दोन महिने फुकट आहेत, तरी मी महिन्याचेच पैसे भरतो आहे. हे लिहीत असताना दिवाळीची मोहीम चालू आहे. सकाळी नऊला सुरू केली, आता चार वाजले आहेत आणि 4,900 मेल गेले आहेत. सुरू करण्याआधी वेगाची चौकट मी आणि भाच्याने दोघांनी पाहिली. ती ‘कमाल’वरच होती.